गुप्तलिपीचा उलगडा आणि फळा

गुप्तलिपी उलगडणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची रहस्यकादंबरी हा इंग्रजी वाङ्मयातील एक लोकप्रिय प्रकार आहे. नायक रात्रभर अक्षरे न्याहाळीत बसतो. पहाटे एकाएकी त्याला अर्थ सुचतो, आणि गुन्हेगार पकडला जातो. अशा कादंबऱ्या आम्हीही आवडीने वाचतो. तथापि खरा उलगडा नुसता सुचून भागत नाही; तो सिद्ध करावा लागतो. हे जाणणारी कथा म्हणजे एडगर ॲलन पो यांची १८४३ सालची ‘द गोल्ड-बग’. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत अधिक वेळा येते. म्हणून चिन्हांची मोजदाद करून तीत एकेक अक्षर वाचकासमोर निश्चित केले जाते.

प्रत्यक्ष व्यवहारात या सिद्धतेला किती मोल आहे, हे एलिझेबेथ फ्रीडमन (१८९२–१९८०) यांच्या चरित्रावरून दिसते. या विदुषी इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीधर होत्या. शेक्सपिअरच्या नाटकांत बेकनने गुप्त संदेश दडविले आहेत, हे दाखविण्याच्या कामासाठी १९१६ साली त्या इलिनॉयमधील रिव्हरबँक येथे रुजू झाल्या. परंतु ते संदेश शोधणाऱ्याच्या इच्छेतून निघतात, अशी त्यांची खात्री झाली. एकाच लेखाचे दोन वाचकांना दोन अर्थ लागत असतील, तर तो उलगडा नव्हे. पती विल्यम यांच्यासह १९५७ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी बेकनपक्षाचे खंडन केले.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. चोरटी दारू आणणाऱ्या टोळ्या बिनतारी यंत्रावरून सांकेतिक संदेश धाडीत. ते उलगडण्याचे काम संघीय शासनाच्या सेवेत असलेल्या फ्रीडमनबाईंकडे होते. १९३३ साली न्यू ऑर्लिन्सच्या खटल्यात त्या साक्षीस उभ्या राहिल्या. निरर्थक दिसणाऱ्या अक्षरांतून हा अर्थ निघतो कसा, असे आरोपींच्या वकिलाने विचारले. तेव्हा बाईंनी न्यायाधीशांकडे एक फळा मागितला, आणि गुप्तलिपीची रीत न्यायालयाला खडूने समजावून दिली. टोळीचे म्होरके दोषी ठरले.

येथे एखाद्याचे स्वातंत्र्य त्या वाचनावर अवलंबून होते. ‘मी तज्ज्ञ आहे’ एवढ्यावर कोणास तुरुंगात धाडणे न्याय्य ठरले नसते.

वाङ्मयाच्या अभ्यासालाही हाच नियम लागू आहे. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या पंथाबाहेरच्यांस शतकानुशतके अगम्य होत्या. इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली उघड केली, तेव्हा ते वाङ्मय इतर अभ्यासकांच्याही चिकित्सेस खुले झाले. कवितेचा अर्थ सांगणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि स्वतःलाही, आपण शिक्षकांनी हेच विचारावे: हा अर्थ कोणत्या शब्दांवरून निघाला, ते फळ्यावर मांडून दाखविता येईल काय?