मार्सेलिसच्या अलीकडची हद्द

प्रत्यर्पणाचा विषय निघाला की आपल्याकडची लेखणी थेट मार्सेलिसच्या धक्क्यावर जाऊन थांबते. ८ जुलै १९१०, ‘मोरिया’ बोट, सावरकरांची उडी, आणि मग हेगचा २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा. वाचकांना हे पाठ आहे. माझे भांडण आहे ते सारा दोष हेगच्या पाच पंचांच्या माथी मारणाऱ्यांशी. सावरकरांना पकडून हवाली करताना अनियमितता झाली, तरी कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे त्या पंचांनी ठरवले, हे खरे. पण सावरकर त्या बोटीवर चढले कोणत्या कायद्याने, हे आधी पाहा.

परकी देशांसाठी इंग्लंडने १८७० साली प्रत्यर्पणाचा कायदा केला, त्यात राजकीय गुन्ह्याच्या आरोपीला परत द्यायचे नाही, असे साफ लिहिले. साम्राज्यातल्या साम्राज्यात पळालेल्यांसाठी १८८१ साली वेगळा फरारी गुन्हेगार कायदा आला. त्यात हे संरक्षण नव्हते. म्हणजे पॅरिसचा बंडखोर लंडनमध्ये सुरक्षित आणि नाशिकचा मात्र नाही. परत पाठवणे अन्यायाचे होईल तर नकार देण्याची मुभा न्यायालयाला होती. मुंबईत ज्युरीविना आणि अपिलाविना खटला चालणार, हे दिसत असूनही लंडनच्या न्यायाधीशांनी ती वापरली नाही. खरा घात तिथे झाला.

आता आमच्या गावाकडे येतो, कारण माझ्या मते प्रत्यर्पणाच्या कायद्याचे रोजचे रूप इथेच दिसते. बेळगाव खालसा मुलखात, आणि लगतचे विणकरांचे शहापूर सांगली संस्थानात. आज टिळकवाडीतून रमतगमत शहापूरला जाणाऱ्या पोराला सांगितले तर पटत नाही, पण १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तेवढ्या वाटेत राज्य बदलत असे. भोवती कोल्हापूर, जमखिंडी, मिरज, सावंतवाडी अशी संस्थानांची गोधडीच पसरलेली. निपाणी मात्र १८३९ सालीच खालसा झाली होती, आणि तिथून कागलची हद्द हाकेच्या अंतरावर. घरफोडी इकडे, मुक्काम तिकडे, हे चोरांना कुणी शिकवावे लागत नव्हते.

त्यासाठी १९०३ चा हिंदी प्रत्यर्पण कायदा होता. आरोपी परक्या राष्ट्राला द्यायचा तर मॅजिस्ट्रेटपुढे पुराव्याची चौकशी. संस्थानात गुन्हा करून खालशात आलेल्याच्या बाबतीत मात्र पोलिटिकल एजंटाने जिल्हा मॅजिस्ट्रेटला वॉरंट धाडले की काम सुरू. जुने वकील आम्हाला सांगत, की अशा प्रकरणात बचाव करायचा तरी कुणापुढे, हाच पहिला प्रश्न असे. संस्थानांची मर्दुमकी गाणाऱ्या आमच्या काही लेखकांना हे कलम दिसतच नाही. राजाच्या मुलखातला गुन्हा, राजाची फिर्याद, आणि सही गोऱ्या एजंटाची! सार्वभौमत्व कुठे होते ते त्या वॉरंटावर लिहिलेले आहे.

गोव्याची गोष्ट निराळी, आणि मला फार प्रिय. १८४४-४५ मध्ये सावंतवाडीतले बंडवाले फोंड सावंतांसह गोव्यात उतरले. इंग्रजांनी मागणी केली, पोर्तुगीजांनी त्यांना हवाली केले नाही. पुढे २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनला तह झाला. इतिहासकार त्यात मीठ, जकात आणि मुरगावची रेल्वे शोधतात. पण तो व्यापाराबरोबर प्रत्यर्पणाचाही तह होता, हे विसरले जाते. रेल्वेने कॅसलरॉक गाठायचे म्हणजे माणूसही त्याच वाटेने पळणार, हे तह करणाऱ्यांना कळत होते. जकातीची व्यवस्था गोव्याला जाचली आणि १८९२ मध्ये तो तह संपला. त्याच वर्षी ब्रिटन आणि पोर्तुगालने प्रत्यर्पणापुरता नवा तह केला. मिठावर मतभेद चालले, पण आरोपीवर दोन्ही सरकारांचे लगेच जमले.

स्वातंत्र्यानंतरचे थोडक्यात उरकतो. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राम बाबू सक्सेना खटल्यात टोंक संस्थानाचा १८६९ चा तह विलीनीकरणानंतर चालणार नाही, असे ठरवले. १९५४ च्या मेनन खटल्यात १८८१ चा कायदाही गेला. १९६२ ला नवा कायदा आला.

हल्ली वकिलीत येणारी मुले निवाडे संगणकावर शोधतात, पण मोडी वाचता येणारा त्यांच्यात क्वचितच. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दफ्तर पडून आहे. शहापूर-बेळगाव हद्दीवरच्या एकेका फरारी आरोपीचा माग त्या कागदांतून काढणारा कुणी भेटला, तर माझ्याकडची जुनी टिपणे मी त्याच्या हाती देईन.