घाटाचा राजा जेव्हा मागे पडतो...

आपल्याकडे सायकलची शर्यत म्हटली की पटकन एकच नाव तोंडात येतं, मुंबई-पुणे! त्या शर्यतीत बोरघाट जो सगळ्यात आधी चढतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, सत्कार, सगळं होतं. पण हाच राजा काही वर्षांनी त्याच घाटात घोळक्याच्या शेवटी दिसला तर? त्याचा फोटो कोणी छापत नाही. तो अजून का येतो, आणि पूर्वीसारखा का चढू शकत नाही, हे कोणी विचारतही नाही.

हा लेख अशाच एका राजाबद्दल आहे. फक्त त्याचे घाट आल्प्स आणि पिरेनीजमधले. नाव ख्रिस फ्रूम. आणि हो, यात थोडं गणित आहे. इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये तेवढं चालतं!

कोण हा फ्रूम?

जन्म २० मे १९८५, नैरोबी, केनिया. आईवडील ब्रिटिश वंशाचे. सायकल चालवायला शिकला तो केनियातल्या डेव्हिड किंजा नावाच्या सायकलपटूकडे. २०१० मध्ये तो 'टीम स्काय' या ब्रिटिश संघात आला, पण सुरुवातीला काही खास जमेना. त्याच सुमारास त्याला बिल्हार्झिया झाल्याचं निदान झालं. या रोगात दूषित पाण्यातून परजीवी रक्तात शिरतात आणि अंगातली ताकद शोषून घेतात. २०११ च्या अखेरीस त्याचा करार संपत होता आणि पुढचा मिळेल की नाही ते नक्की नव्हतं. अशा वेळी त्याला स्पेनच्या 'व्हुएल्टा' शर्यतीत घेतलं गेलं आणि तो थेट दुसरा आला, पहिल्यापेक्षा फक्त १३ सेकंदांनी मागे.

यानंतर मागे वळून पाहणं नाही. तीन आठवड्यांची 'टूर द फ्रान्स' त्याने २०१३, २०१५, २०१६ आणि २०१७ अशी चार वेळा जिंकली. २०१७ लाच व्हुएल्टा, २०१८ मध्ये इटलीची 'जिरो'. म्हणजे तिन्ही मोठ्या शर्यतींचं विजेतेपद एकाच वेळी त्याच्याकडे होतं! टूर पाच वेळा जिंकणारे इतिहासात चारच जण आहेत: आंकेतिल, मर्क्स, इनो आणि इंदुराईन. (आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं उत्तेजकांमुळे २०१२ मध्ये काढून घेतली गेली.) फ्रूमला हवी होती फक्त एक, पाचवी.

इंजिनची हॉर्सपॉवर

आर्मस्ट्राँग प्रकरणानंतर जिंकणाऱ्या प्रत्येकाकडे लोक संशयाने बघत होते. फ्रूमकडेही. म्हणून २०१५ मध्ये त्याने प्रयोगशाळेत स्वतःची चाचणी करून आकडे जाहीर केले. वजन ६९.९ किलो, आणि बराच वेळ टिकवता येईल अशी ताकद ४१९ वॅट. आपल्या होस्टेलमधला छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो. म्हणजे हा माणूस पायाने साडेपाच पंखे फिरवत होता, मिनिटभर नाही, बराच वेळ!

पण खरी गंमत पुढे आहे. २००७ मधली त्याची एक जुनी चाचणीही बाहेर आली. तेव्हा ताकद होती ४२० वॅट, जवळपास तेवढीच. मग तेव्हा तो का जिंकत नव्हता? कारण तेव्हा वजन होतं ७५.६ किलो. भागाकार करून बघा. २००७ मध्ये किलोमागे ५.५६ वॅट, २०१५ मध्ये ५.९९. इंजिन तेच, गाडी हलकी झाली. (२०१७ च्या व्हुएल्टात दम्याच्या औषधाचं प्रमाण जास्त सापडल्याने त्याच्यावर चौकशी झाली होती. ती जुलै २०१८ मध्ये शिक्षा न होता बंद झाली. हेही सांगायला हवं.)

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची मारामारी हवेशी असते. हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून पुढच्याच्या चाकामागे लपून राहिलं की बरेच कष्ट वाचतात. चढावर मात्र वेग कमी असतो आणि मारामारी गुरुत्वाकर्षणाशी होते. तिथे वजन आणि वॅट यांचाच हिशोब चालतो. रविवारी सकाळी घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ ज्यांनी सायकलने चढलाय त्यांना हे सूत्राशिवाय माहीत आहे.

१२ जून २०१९

फ्रान्समधल्या रोआनजवळ एका शर्यतीच्या टप्प्याआधी फ्रूम रस्ता पाहून घेत होता. सायकल होती टाइम ट्रायलची. या सायकलवर हात पुढे, मधोमध जवळ धरावे लागतात. हवा छान कापली जाते, पण तोल सांभाळायला हात जवळ असल्यामुळे पकड कमी पडते. उतारावर त्याने नाक शिंकरायला एक हात काढला, नेमका त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला, पुढचं चाक वळलं आणि तो भिंतीवर आदळला. वेग सांगितला गेला ताशी ५४ किलोमीटर.

५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर. एवढा वेग यायला किती उंचीवरून पडावं लागेल? वेगाचा वर्ग भागिले दोन जी, म्हणजे साधारण साडेअकरा मीटर. आपल्याकडच्या बिल्डिंगच्या हिशोबात जवळजवळ चौथा मजला! उजव्या मांडीचं हाड, कोपर, बरगड्या, सगळं मोडलं. वय होतं ३४.

नशिबाचा खेळ बघा. तो सावरत असताना, जुलै २०१९ मध्ये, २०११ च्या व्हुएल्टाचा विजेता कोबो याचं विजेतेपद उत्तेजकांच्या कारणावरून रद्द झालं आणि ते फ्रूमला मिळालं. रस्त्यावर तो २०१८ च्या जिरोनंतर पुन्हा जिंकला नाही, पण कागदावर एक जुना विजय आला.

पाच टक्क्यांची किंमत

हाड जुळतं. ते काही महिन्यांत जुळतंच. पण मांडीचे स्नायू आठवडेच्या आठवडे पडून राहिले की बारीक होतात, आणि शरीर नकळत चांगल्या पायावर जास्त भार टाकायला शिकतं. फ्रूमचा उजवा पाय डाव्याच्या मागे पडला होता. २०२१ च्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियात राहून हाच फरक भरून काढत होता.

समजा, सगळी मेहनत करून माणूस ९५ टक्के बरा झाला. परीक्षेत ९५ टक्के म्हणजे आपण पेढे वाटू. सायकलमध्ये काय होतं ते बघू.

आल्प द्युएझ हा फ्रान्समधला प्रसिद्ध घाट. लांबी १३.८ किमी, २१ वळणं, चढ सरासरी ८.१ टक्के, म्हणजे उभी चढण अंदाजे ११०० मीटर. माणूस आणि सायकल मिळून ७५ किलो धरा. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची केलं की साधारण ८१० किलोज्यूल येतात. हे काम ४० मिनिटांत करायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणासाठी ३३७ वॅट लागतात. हवा, टायर आणि चेनचा खर्च वेगळा. आता ताकद पाच टक्क्यांनी कमी करा. वेळ जवळपास दोन मिनिटांनी वाढते. एका घाटात दोन मिनिटं! आणि व्हुएल्टा तो हरला होता तेरा सेकंदांनी.

बरं, एवढ्यावरच थांबत नाही. पाच टक्के कमी पडले की पुढच्याचं चाक सुटतं. चाक सुटलं की आडोसा जातो, मग तोच वेग ठेवायला आणखी ताकद लागते, मग आणखी मागे, दुसऱ्या दिवशी पाय जास्त थकलेले. थोडी घट आणि मोठी घसरण यांच्यामध्ये अशी साखळी असते. म्हणून तो पहिल्यावरून पाचव्यावर नाही गेला. २०२० च्या व्हुएल्टात तो ९८ वा आला. २०२१ ला 'इस्रायल स्टार्ट-अप नेशन' या नव्या संघात गेला आणि त्या वर्षीच्या टूरमध्ये १४१ जणांनी शर्यत पूर्ण केली त्यात १३३ वा. पहिल्याच दिवशी पुन्हा पडलाही होता.

दरम्यान खेळ पुढे गेला. पोगाचारसारखी पोरं विशीतच टूर जिंकू लागली. सायकली बदलल्या. डिस्क ब्रेक आले, ज्यांच्याबद्दल फ्रूमने उघडपणे तक्रार केली की डिस्क घासते. पुढे त्याने असंही सांगितलं की नव्या संघात आल्यापासून सायकलवरची त्याची बैठक जुन्या मापापेक्षा काही सेंटिमीटरने वेगळी होती. मेकॅनिकलवाल्यांनो, विचार करा, चार टूर जिंकलेल्या माणसाच्या मापात हा फरक इतके दिवस राहिला! ही सबब होती की कारण, यावर वाद झाले. संघाच्या मालकाने तर २०२३ मध्ये जाहीरपणे म्हटलं की दिलेल्या पैशाचा मोबदला मिळाला नाही.

१४ जुलै २०२२

तरी एक दिवस आला. टूरमध्ये आल्प द्युएझच्याच टप्प्यावर फ्रूम पुढे निसटलेल्या गटात होता. तो एकूण यादीत बराच मागे असल्यामुळे मोठ्या खेळाडूंनी त्याला जाऊ दिलं. पिडकॉक पहिला, माइंत्येस दुसरा, आणि तिसरा फ्रूम, पहिल्यापेक्षा दोन मिनिटांहून थोडा मागे. ३७ वर्षांचा माणूस, मोडून जोडलेला पाय, एकवीस वळणं. जगभरच्या लोकांना वाटलं, आला परत! पण काही दिवसांनी कोव्हिड झाला आणि शर्यत सोडावी लागली. त्यानंतर टूरच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, सरावाच्या वेळी तो पुन्हा जबर पडला. फुफ्फुस, बरगड्या, मणका, आणि हृदयाभोवतीच्या आवरणालाही इजा झाली होती हे नंतर कळलं. त्याचा पाच वर्षांचा करार त्याच वर्षअखेरपर्यंत होता. आणि त्याच वर्षी पोगाचारने आपली चौथी टूर जिंकून त्याची बरोबरी केली.

मग आशा धरणं चूक का?

आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन तट पडले. एक म्हणतो, २०१९ लाच थांबायला हवं होतं, राजा म्हणून गेला असता. दुसरा म्हणतो, प्रयत्नांती परमेश्वर. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

पहिली गोष्ट, फ्रूमची आशा हवेतली नव्हती. २०११ मध्ये सगळ्यांनी जवळपास सोडून दिल्यावर तो उभा राहिला होता. ज्याला एकदा असा अनुभव आलाय, त्याला 'आता नाही जमणार' हे पटणं कठीण. पण दोन वेळांमध्ये फरक होता. तेव्हा इंजिन धडधाकट होतं, अडथळा बाहेरचा होता: आजार, वजन. अडथळा काढला की ताकद दिसली. २०१९ नंतर खुद्द इंजिनच बदललं होतं आणि वयही उलट दिशेने ओढत होतं.

दुसरी गोष्ट, आशेचेही दोन भाग करता येतात. 'पाचवी टूर जिंकेन' ही एक आशा. 'पुन्हा आल्प द्युएझ चढेन आणि पुढच्यांत असेन' ही दुसरी. पहिली आकड्यांना मान्य नव्हती. दुसरी २०२२ मध्ये खरी झाली. पण आपण बाहेरून बघणारे फक्त पहिलीचाच निकाल लावतो आणि माणसाला 'संपला' म्हणतो.

होस्टेलमध्येही हे रोज चालतं. केटी लागलेला, वर्ष गेलेला, पहिल्या वर्षी टॉपर असून नंतर मागे पडलेला, त्याला लोक एकतर 'सोडून दे' सांगतात नाहीतर 'तू करशीलच' सांगतात. दोन्ही बोलणाऱ्याला काहीच खर्च येत नाही. त्यापेक्षा शेजारी बसून विचारावं: अडथळा बाहेरचा आहे की आतला? कुठला विषय, किती मार्क, किती दिवस? जे परत मिळण्यासारखं आहे त्यासाठी झटावं, आणि जे नाही त्याचं दुःख करायलाही थोडी मोकळीक द्यावी. आमच्या सरांना आणि मॅडमनाही हे पटेल असं वाटतं.

आणि पुढच्या वेळी बोरघाटात शर्यत बघायला गेलात, तर पहिला निघून गेला म्हणून लगेच घरी परतू नका. जरा थांबा. शेवटून येणाऱ्यांत कधीकाळचा एखादा राजा असू शकतो. त्याच्यासाठीही टाळ्या वाजवा.