हातानं जेवतात का?

आत्याच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा पहिले पंधरा दिवस घरात माणसांची रीघ लागली होती. चहाचा कप हातात घेतला की येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारायचा. हातानं जेवतात का? आधाराशिवाय उठून बसतात का? संडासला आपल्या आपण जातात का? लघवी झालेली कळते का? चौथ्या दिवशी आई वैतागून म्हणाली, ''उत्तरं कागदावर लिहून दारालाच लावते आता.''

तसा कागद फार पूर्वीच छापून झाला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. डॉक्टरांचे शोधनिबंध भाषेच्या अंगानं तपासून द्यायचं काम मी करू लागलो. त्यांत पक्षाघाताचे निबंध बरेच येत आणि त्यांतल्या बहुतेकांत एक नाव ठरलेलं असे, बार्थेल इंडेक्स. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, लघवी, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना चढणं अशा दहा बाबी. प्रत्येकीला पाचाच्या पटीत गुण, बेरीज शंभर. फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट, अशा दोघींनी १९६५ साली हा तक्ता छापला. कुठे, तर अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यापुरत्या वैद्यकीय मासिकात. आपल्याकडे एखाद्या जिल्हा शाखेचं मुखपत्र निघतं, त्याच्या जरा वरची पायरी म्हणा. आज जगभरच्या हजारो निबंधांच्या संदर्भयादीत हा लेख बसलेला आहे.

त्याचा थोरला भाऊही असाच आडगावचा. ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ साली 'स्कॉटिश मेडिकल जर्नल'मध्ये साठीपुढच्या पक्षाघाताच्या रुग्णांवर लिहिताना अपंगत्वाच्या पाच पायऱ्या पाडल्या. पुढे त्यांत खाली शून्य आणि वर सहा जोडले गेले. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. पक्षाघाताच्या कुठल्याही नव्या औषधाचा निकाल आज बहुधा याच सात आकड्यांत लागतो.

या शाखेत सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांची यादी लावून पाहिली की पहिला धक्का बसतो तो हा. वर दिसतात त्या मोजपट्ट्या. रुग्णाला दारात तपासताना गुण कसे द्यायचे हे सांगणारी १९८९ची एनआयएच स्केल. गुठळी हृदयातून आली, मानेच्या मोठ्या रोहिणीतून आली की मेंदूतल्या बारीक वाहिनीतच धरली, हे ठरवणारं १९९३चं टोस्ट वर्गीकरण. आणि उंदराच्या मानेतून नायलॉनचा धागा सरकवून मेंदूची रक्तवाहिनी कशी बंद करायची, याची १९८९ची लोंगा यांची कृती. यातल्या कशानंही थेट एकाही माणसाचा हात हलू लागला नाही. पण फूटपट्टी सगळ्यांनाच लागते. ज्याला जे मोजायचं आहे तो पट्टीचं नाव घेतो, आणि नाव घेतलं की एक सायटेशन पडतं.

सायटेशन मोजायची कल्पना यूजीन गारफील्ड यांची. कोणत्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यात घेतला गेला, याची नोंद ठेवणारी 'शेपर्ड्स सायटेशन्स' ही सूची अमेरिकेतल्या वकिलांकडे असे. गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये लेख लिहून तीच युक्ती विज्ञानाला सुचवली आणि साठच्या दशकात फिलाडेल्फियातून सूची काढायला सुरुवात केली. इम्पॅक्ट फॅक्टर हे तिचंच अपत्य. नियतकालिकानं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती वेळा उद्धृत केलं गेलं, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. दोनच वर्षं! म्हणजे रँकिन आणि बार्थेल यांचं आज पृथ्वीभर जे नाव घेतलं जातं, त्याचं मोल या हिशेबात शून्य. शिवाय ही सरासरी आहे. मोजके चार-पाच लेख ती ओढून वर नेतात आणि बाकीचे त्या सावलीत उभे राहून स्वतःलाही उंच समजतात.

ते चार-पाच लेख बहुधा कोणते असतात, हे मला निबंधांची पहिली वाक्यं दुरुस्त करताना उमगलं. पक्षाघाताच्या निबंधाचं पहिलं वाक्य म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेतला गणपती. तो बसवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'पक्षाघात हे जगातील मृत्यू आणि अपंगत्वाचे एक प्रमुख कारण आहे', आणि लगेच संदर्भ क्रमांक १. हा क्रमांक १ बहुतेक वेळा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा वार्षिक आकडेवारी अहवाल असतो, नाहीतर जागतिक रोगभाराचा अभ्यास. २०१९ सालच्या त्या मोजणीत जगभरात नव्या पक्षाघातांची संख्या १ कोटी २२ लाख आणि मृत्यू ६५ लाखांवर धरले आहेत. अहवाल मोलाचे आहेत, वाद नाही. पण त्यांना उद्धृत करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडून पाहिले असतील, याबद्दल माझं मत मी खासगीतच ठेवतो.

असाच दुसरा लाडका आकडा म्हणजे दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये 'स्ट्रोक' नियतकालिकात हा हिशेब मांडला आणि तो जगभरच्या भित्तिपत्रकांवर गेला. तो निघाला कसा? मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या सर्वसाधारण रुग्णात मेंदूचा सुमारे ५४ मिलिलिटर भाग दहा तासांत मरतो असं धरून, त्यावरून केलेला भागाकार आहे तो. बारीक वाहिनीच्या झटक्याला तो लागू नाही. लोकांना धावत रुग्णालयात आणायला मात्र त्या आकड्याइतकी दुसरी कशाची मदत झाली नसेल.

आता उंदरांकडे वळू, कारण या शाखेचं सर्वांत महागडं प्रकरण तिथलं आहे. गुठळीमुळे रक्त बंद पडलं की मधला भाग लगेच मरतो. भोवतीचं कडं मात्र काही काळ अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतं. ग्रहणातल्या उपच्छायेवरून त्याला पेनम्ब्रा म्हणतात. ते कडं वाचवणारी औषधं शोधायची शर्यत लागली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हिशेब केला, तेव्हा प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपाय सापडले. त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले होते. गुठळी विरघळवणारी औषधं आणि ॲस्पिरिन सोडलं तर हाती आलेलं नगण्यच. त्याच वर्षी एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाची चाचणी यशस्वी झाल्याचं वाजतगाजत छापून आलं. पाठोपाठ त्याच औषधाची त्याहून मोठी चाचणी सपशेल आडवी झाली.

उंदीर सगळ्यालाच बरे होत होते, मग माणसं का नाहीत? एक उत्तर २०१० मध्ये एमिली सेना आणि सहकाऱ्यांनी काढलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे ५२५ निबंध त्यांनी तपासले. 'काहीच फरक पडला नाही' असं सांगणारे निबंध निघाले दहा. हरलेले प्रयोग कपाटातच राहिले होते आणि त्यामुळे औषधांचा गुण सुमारे एक तृतीयांशानं फुगून दिसत होता. हरलेल्या प्रयोगाला कोण छापणार, आणि छापला तरी कोण उद्धृत करणार? सायटेशनची भूक आणि ही लपवाछपवी एकाच चुलीवर शिजतात.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सरळ बनावट. जपानच्या योशिहिरो सातो यांचा २००५ चा 'जामा'तला निबंध असा, की फोलेट आणि बी-१२ दिल्यानं पक्षाघाताच्या रुग्णांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण पाचव्या हिश्श्यावर आलं. रुग्ण ६२८. स्कॉटलंड आणि न्यूझीलंडमधल्या काही संशोधकांनी त्यांच्या चाचण्यांतले आकडे पाठोपाठ ठेवून पाहिले, तेव्हा ते खरे वाटेनात. 'जामा'नं २०१६ मध्ये तो निबंध मागे घेतला. सातो यांचे आणखी कितीतरी निबंध त्यामागोमाग गेले. पण मागे घेतलेला निबंध संदर्भयादीतून तितक्या सहज मागे जात नाही. जुन्या याद्या उचलून पुढे चिकटवल्या जातात, हे माझ्यासारख्या तपासनिसाला रोज दिसतं.

इतकं नकारात्मक लिहिल्यावर २०१३ ते २०१५ ची गोष्ट सांगायलाच हवी. गुठळी औषधानं विरघळवण्याचा उपाय १९९५ च्या चाचणीनं दिला होता. तीन तासांच्या आत अल्टेप्लेज, रुग्ण ६२४, फायदा स्पष्ट. पण मेंदूत गंभीर रक्तस्रावाचा धोका ०.६ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर. मोठ्या गुठळीपुढे ते औषध मात्र तोकडं पडे. मग मांडीतून नळी घालून गुठळी ओढूनच काढावी, ही कल्पना. फेब्रुवारी २०१३ मध्ये होनोलुलूच्या परिषदेत अशा तीन चाचण्यांचे निकाल एकदमच जाहीर झाले. तिन्ही नापास. सायटेशनच्या भाषेत तो विषय संपल्यात जमा होता.

नेदरलँड्समध्ये मात्र तेव्हा एक चाचणी चालू होती आणि तिथल्या सरकारनं शहाणपणाची अट घातली होती, की या उपचाराचा खर्च विम्यातून हवा असेल तर रुग्णाला चाचणीत घ्या. त्यामुळे सोळा केंद्रांतून ५०० रुग्ण जमले. नवी जाळीदार साधनं वापरली गेली आणि मोठी वाहिनी खरोखर बंद आहे ना, हे आधी पाहिलं गेलं. होनोलुलूत नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडल्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये इस्तंबूलला निकाल आला. स्वतःच्या पायावर उभे राहणारे १९ टक्क्यांऐवजी ३३. पाठोपाठ चार चाचण्या. पाचही एकत्र केल्यावर हिशेब असा, की दर दोन-तीन रुग्णांमागे एकाचं अपंगत्व रँकिनच्या किमान एका पायरीनं कमी होतं. वैद्यकात इतका ठळक गुण विरळा. २०१८ पर्यंत निवडक रुग्णांसाठी मुदत चोवीस तासांवर गेली. इथे सायटेशनची लाट आणि रुग्णाचं भलं हातात हात घालून चालले, आणि त्याचं श्रेय मी त्या तीन नापास चाचण्यांनाही देतो. त्या छापल्या गेल्या म्हणून काय चुकलं ते कळलं.

गेल्या दशकातला दुसरा मोठा बदल म्हणजे शाई कुठून येते हा. २०१३ साली चीनच्या ११४ केंद्रांनी ५,१७० रुग्ण घेऊन दाखवलं, की किरकोळ झटक्यानंतर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल दिलं तर ९० दिवसांतला पुन्हा झटका ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर येतो. पाश्चात्त्यांनी आधी भुवया उंचावल्या. २०१८ मध्ये मुख्यतः अमेरिकेत झालेल्या चाचणीनंही तीच दिशा दाखवली. त्यानंतर 'न्यू इंग्लंड जर्नल'च्या अंकांत चिनी चाचण्यांची रांग लागली आहे. त्याच वेळी चिनी विद्यापीठांतून आणखी एक पीक जोमानं आलं, ते म्हणजे 'पक्षाघातावरील शोधनिबंधांचे सायटेशन-विश्लेषण' करणारे निबंध. लायडन विद्यापीठाचं मोफत सॉफ्टवेअर, रंगीत जाळं, जास्त उद्धृत झालेल्या शंभर लेखांची यादी. मला तपासायला आलेला असा एक निबंध तशाच दुसऱ्या निबंधांच्या संदर्भांवर उभा होता. खिरीवरची साय, आणि त्या सायीवरची साय.

आणि आपण? मुंबईत पी. एम. दलाल यांच्या गटानं साठच्या दशकातच रक्तवाहिन्यांच्या चित्रांवरचं काम 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं होतं. २००५-०६ मध्ये त्यांनी शहरातल्या १,५६,८६१ लोकवस्तीत दोन वर्षं नोंद ठेवली. पहिल्या पक्षाघाताचे ४५६ रुग्ण, म्हणजे वर्षाला लाखामागे १४५, आणि अठ्ठावीस दिवसांच्या आत जवळजवळ तीस टक्के मृत्यू. भारतातल्या पक्षाघाताबद्दल कुणी काही म्हटलं की त्याच्या तळाशी असे मोजकेच आकडे असतात. मुंबईतच सुरू झालेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेनं भारतीय वैद्यकीय नियतकालिकं इंटरनेटवर खुली केली. २०११ मध्ये ती वॉल्टर्स क्लुअरनं विकत घेतली. मेडिकल कौन्सिलनं बढतीसाठी निबंधांची अट घातल्यावर जे घडायचं ते घडलं. त्या वर्षांत माझं उत्पन्न वाढलं, एवढं प्रामाणिकपणे नोंदवतो.

पण मला महत्त्वाचे वाटतात ते दोन भारतीय निबंध, आणि दोन्ही 'अपयशी' आहेत. पहिला 'अटेंड', २०१७, 'लॅन्सेट'. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. फिजिओथेरपिस्ट परवडत नाही, मिळत नाही. मग घरातल्याच माणसाला व्यायाम शिकवून रुग्ण सुधारेल का? उत्तर, नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के मृत किंवा परावलंबी. दुसरा 'स्प्रिंट इंडिया', २०२३. ३१ केंद्रं, बारा भाषा, ४,२९८ रुग्ण. मोबाइलवर संदेश, चित्रफिती, पुस्तिका. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण घटलं नाही. सुनेनं किंवा मुलीनं सगळं बघावं ही आपली गृहीत धरलेली व्यवस्था 'अटेंड'मध्ये कुणीतरी शास्त्रानं तपासली आणि ती पुरेशी नाही असं स्वच्छ छापलं, ही केवढी गोष्ट आहे! घरातल्या बाईच्या खांद्यावर आणखी एक ओझं टाकणारी योजना आखण्याआधी कुणालाही हा निबंध वाचावा लागेल. सायटेशनच्या बाजारात तो गुठळी काढण्याच्या चाचण्यांच्या जवळपासही नाही.

आणि हे निबंध वाचायला मिळतात कुणाला? २०२५ पासून सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेखाली तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांतल्यांना खुली झाली आहेत. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात पहिला तास ज्याच्या हातात असतो, तो डॉक्टर त्या दाराबाहेरच आहे.

आत्याचा बार्थेल मी नंतर आठवणीनं काढून पाहिला. साठ आला. जिन्याचे दहा गुण गेले, खरं तर आमच्या घराला जिनाच नव्हता. जमिनीवर मांडी घालून बसता येतं का, हे तो तक्ता विचारत नाही. मूळ निबंध मिळवून वाचला, तर महोनी आणि बार्थेल यांनी त्यातच लिहून ठेवलेलं सापडलं, की शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही. त्याला स्वयंपाक जमेलच, घर चालवता येईलच, चार लोकांत वावरता येईलच असं नाही. त्या वर्षीच्या भाऊबीजेला बाबांनी पाट नको म्हणून खुर्च्या मांडल्या. आत्यानं तबक डाव्या हातात घेतलं, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डाव्या हातानं ओवाळलेलं चालतं का, असं तिनं आईला दोनदा विचारलं. तिच्या बोलण्यातलं तेवढंच वाक्य त्या दिवशी आम्हाला नीट कळलं.