प्रवाळ आणि जेलीफिश: एकाच घरातले!

शीळफाट्याला गाडी अडकली की रील्स संपतात, ट्रॅफिक संपत नाही. पावसाळ्यात या रील्समध्ये एक हमखास असते: जुहू नाहीतर गिरगाव चौपाटीवर पडलेले निळे फुगे आणि कॅप्शन, 'जेलीफिश आल्या, सावधान!' सावध राहायलाच हवं. किनाऱ्यावर मरून पडलेलासुद्धा तो फुगा डंख मारू शकतो. पण कॅप्शन चुकलंय. ती ब्लू बॉटल आहे. तो एक प्राणी नसून अनेक छोट्या जिवांची वसाहत असते. कोणी शिकार करतं, कोणी पचवतं!

दहावीचं 'प्राणी वर्गीकरण' आठवतंय? संघ निडारिया. खूण एकच, दंशपेशी. ही खूण ब्लू बॉटलकडे आहे, जेलीफिशकडे आहे आणि आपण दगड समजतो त्या प्रवाळाकडेही आहे.

या घराच्या दोन मोठ्या शाखा. एकीत प्रवाळ आणि सी-अ‍ॅनिमोन. हे आयुष्यभर पॉलिप राहतात, म्हणजे एक टोक खडकाला चिकटलेलं, दुसऱ्या टोकाला तोंड आणि भोवती शुंडकं. दुसऱ्या शाखेत जेलीफिश, ब्लू बॉटल आणि जलव्याल. बहुतेक जेलीफिशही लहानपणी पॉलिपच असतात. मग त्यातून छोट्या बशा सुट्या होतात आणि पोहायला लागतात.

नावावर मात्र जाऊ नका. 'फायर कोरल' नावाने प्रवाळ, पण नात्याने ब्लू बॉटलच्या जवळचं!

हे सगळं फक्त परीक्षेपुरतं? अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या रांगेत. म्हणूनच २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मुंबईच्या खडकांवर गालिच्यासारखे पसरणारे झोअँथिडसुद्धा प्रवाळांच्याच शाखेतले. पण अनुसूचीत त्यांचं नाव नव्हतं. यादीत कोण बसतं, यावर कोणाला वाचवायचं ते ठरतं.

त्यामुळे पुढच्या सुट्टीत मुंब्र्याहून लोकल पकडा, दादरला बदला, चर्नी रोडला उतरा. आधी ओहोटीची वेळ बघा. खडकांवर जपून पाय ठेवा, हात मात्र कशालाच लावू नका. तुम्ही दगड समजताय, तो कदाचित जेलीफिशचा भाऊबंद असेल!