डिस्क नवी, वायर जुनी

कॉम्प्युटर बिघडला की आपण तो उचलून दुकानात देतो आणि 'किती होतील?' एवढंच विचारतो. माझं नेमकं इथेच दुकानदाराशी वाजलं.

२०२४ च्या मार्चमध्ये, बचत गटाच्या वर्षअखेरच्या हिशेबांची घाई चालू असताना, माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बदलावी लागली. नवी बसवली आणि आठवड्याभरात पडद्यावर डिस्क एररच्या सूचना सुरू! एकेक फाईल उघडायला दोन-दोन मिनिटं. दुकानदार फोनवरच म्हणाला, "वहिनी, हीपण गेली. दुसरी टाकू."

अहो, अशी कशी गेली? बरं, नवी डिस्क कधीकधी सदोष निघते, नाही असं नाही. पण मग ती वॉरंटीत असते, पुन्हा पैसे कसले?

अठरा जणींच्या हप्त्यांचे आकडे त्यात होते. म्हणून आधी उघडतील तेवढ्या फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या. दुरुस्ती नंतर! डिस्क खरंच आजारी असेल, तर तासन्‌तास चालणाऱ्या तपासणीने ती आणखी खचते.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम ती दाखवतो. त्यातल्या ०५ आणि सी५ या ओळींत आकडे वाढत असतील, तर डिस्कचाच पृष्ठभाग खराब होतोय. सी७ वाढत असेल, तर माहिती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडतेय. माझ्याकडे पहिले दोन शून्य आणि सी७ रोज चढता!

वाट म्हणजे काय, तर साटा केबल. जुन्या डिस्कचीच लाल वायर त्याने नवीला जोडली होती, तीही सैल. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून नवी केबल लावली. दीडशे रुपये. (लॅपटॉपमध्ये बहुधा अशी वायर नसते, डिस्क थेट खाचेत बसते. तिथे ती नीट बसली आहे का, ते बघायचं.) सी७ चा जुना आकडा पुसला जात नाही बरं का, तो पुढे सरकायचा थांबला की झालं. मग ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. विंडोजने उरलेल्या चुका निस्तरल्या.

फेब्रुवारीची एक फाईल मात्र उघडेचना. दोन संध्याकाळी बसून कागदी वहीवरून ती पुन्हा भरली.