गिधाडांचा जमाखर्च

गावकुसाबाहेर मेलेले ढोर ओढून टाकले की थोड्याच वेळात आकाशात काळे ठिपके घिरट्या घालू लागत, आणि दिवस मावळण्यापूर्वी तेथे केवळ हाडांचा सांगाडा उरे. या कामाबद्दल गिधाडाला कोणी मेहनताना दिला नाही. उलट ते घरावर बसले तर अपशकुन मानीत. फुकट मिळणाऱ्या सेवेची नोंद कोणत्याच वहीत नसते, आणि म्हणून ती बंद पडल्याचेही वहीला कळत नाही.

१९९० नंतरच्या दशकात डायक्लोफेनॅक हे सूज व वेदना कमी करणारे औषध भारतात स्वस्त झाले आणि गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. लंगडणारा बैल पुन्हा कामाला उभा राही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार चोखच होता. त्यात त्याला दोष देता येणार नाही. परंतु औषध दिल्यावर लगेच मेलेल्या जनावराच्या मांसात त्याचा अंश राहतो. तो पोटात गेला की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, अंतरिंद्रियांवर यूरिक आम्लाचे पांढरे थर साचतात आणि पक्षी मरतो. पाकिस्तानातील संशोधनातून हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. शंभर मृत जनावरांत एकाहून कमी विषारी असले तरी एवढा संहार होऊ शकतो, असे गणिताने दिसून आले. कारण एका ढोरावर सारा थवा उतरतो. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांमागे जेमतेम एक उरली.

मढी कुजत पडू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली, पाणी दूषित झाले. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या जिल्ह्यांची तुलना ती मुळातच विरळ असलेल्या जिल्ह्यांशी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. हे नुकसान त्यांनी दरवर्षी सुमारे ६९ अब्ज डॉलर इतके धरले आहे. माणसाच्या जिवाची किंमत डॉलरांत मांडणे अनेकांना रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण ज्या दप्तरांना केवळ आकडेच वाचता येतात, त्यांच्यापुढे दुसरे काय ठेवावे?

दोष दप्तरांच्या वाटणीत होता. औषधाला परवाना एका खात्याने दिला, लाभ पशुधनाच्या खाती जमा झाला आणि खर्च रुग्णालये, नगरपालिका व शोकाकुल घरे यांच्या नावे पडला. हे तीन हिशेब एकाच टेबलावर कधी आले नाहीत. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधाच्या निर्मितीवर बंदी आली; मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले दुसरे औषध उपलब्ध होते. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये त्या कुप्यांचा आकार मर्यादित करावा लागला. असेक्लोफेनॅकचे तर गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते. तरी त्याच्यावर आणि कीटोप्रोफेनवर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले. परवान्यापूर्वीच गुरांच्या अशा प्रत्येक वेदनाशामकाची गिधाडांवरील परीक्षा सक्तीची करावी, ही अभ्यासकांची मागणी म्हणूनच रास्त आहे. ती परीक्षा पाच लाख मृत्यूंपेक्षा खचित स्वस्त पडेल.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास चालू आहे. मध्य प्रदेशात २०२५ च्या गणनेत सर्व जाती मिळून बारा हजारांहून अधिक गिधाडे मोजली गेली. मात्र मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात.