उड्डाण सदृशीकरण, घरगुती

उड्डाण सदृशीकरण, घरगुती : विमानाची गती, नियंत्रकांना मिळणारा त्याचा प्रतिसाद, उपकरणफलकावरील वाचने व बाहेरचे दृश्य यांची संगणकाच्या साहाय्याने घरच्या घरी प्रतिकृती उभी करून उड्डाणाचा सराव करण्याच्या पद्धतीस घरगुती उड्डाण सदृशीकरण म्हणतात. यासाठी लागणाऱ्या सामग्रीचे तीन भाग पडतात : (१) संगणक व त्यावर चालणारी आज्ञावली, (२) हातापायांनी चालवावयाचे नियंत्रक आणि (३) दृश्य दाखविणारी साधने. कोणत्या प्रकारच्या विमानाचा व कोणत्या हेतूने सराव करावयाचा, यावर या तिन्हींची निवड अवलंबून असते. वास्तव विमानाशी न जुळणारा नियंत्रक केवळ अपुरा ठरतो असे नाही, तर तो हाताला चुकीची सवय लावतो आणि पुढे प्रत्यक्ष विमान शिकताना ती प्रयत्नपूर्वक मोडावी लागते. म्हणून उपकरणाची किंमत किंवा बाह्य स्वरूप यांपेक्षा त्यापासून कोणती सवय लागेल, हा निवडीतील प्रमुख प्रश्न होय.

इतिहास : जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याचे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील एड्विन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केले. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे त्यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील भाते व हवेच्या झडपा यांचाच उपयोग करून त्यांनी हा लहानसा वैमानिककक्ष नियंत्रकांच्या हालचालीप्रमाणे झुकविण्याची व्यवस्था केली. प्रारंभी या यंत्राला मुख्यतः करमणुकीच्या उद्यानांतच गिऱ्हाइके मिळाली. १९३४ मध्ये अमेरिकेच्या भूसेनेच्या विमानदलाकडे टपाल वाहतुकीचे काम सोपविण्यात आले. खराब हवामानात केवळ उपकरणांवर विसंबून विमान चालविण्याचा पुरेसा सराव नसल्याने त्यावेळी अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर या दलाने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांवर वैमानिकांच्या मोठ्या संख्येला शिक्षण देण्यात आले.

घरगुती संगणकावरील सदृशीकरणाचा प्रारंभ १९८० च्या सुमारास झाला. ब्रूस आर्टविक यांनी ॲपल–२ या संगणकासाठी तयार केलेल्या आज्ञावलीत जमीन व क्षितिज काही रेषांनी दाखविलेले असे. १९८२ मध्ये आयबीएम संगणकासाठी तिची सुधारित आवृत्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने प्रसिद्ध केली. ऑस्टिन मेयर यांची एक्स-प्लेन ही आज्ञावली १९९५ मध्ये आली. तीत पंख, पुच्छ व पंखा यांचे लहान खंड कल्पून प्रत्येक खंडावरील वायुप्रेरणा वारंवार गणिली जाते आणि त्यांच्या बेरजेवरून विमानाची गती काढली जाते. फ्लाइटगिअर ही आज्ञावली मुक्त स्वरूपाची असून ती विनामूल्य मिळते. २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत उपग्रह व विमानांवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे पृथ्वीचा पृष्ठभाग दाखविला जातो व त्यासाठीची माहिती उड्डाण चालू असतानाच आंतरजालावरून मागविली जाते. २०२४ च्या आवृत्तीत हे अवलंबन आणखी वाढले आहे.

नियंत्रक : विमान तीन अक्षांभोवती वळते. डावी-उजवी कलंडण पंखांच्या मागील कडेवरील पट्ट्यांनी, नाकाची वर-खाली हालचाल आडव्या पुच्छावरील पट्टीने व नाकाची डावी-उजवी हालचाल उभ्या पुच्छावरील रडरने साधली जाते. एंजिनाच्या शक्तीचे नियंत्रण मिळून किमान चार स्वतंत्र हालचाली संगणकाला कळवाव्या लागतात. कळफलकावरील कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते; थोडेसे दाबणे ही क्रिया तिला ठाऊक नसल्यामुळे तिच्यावर विमान नीट चालविता येत नाही.

पहिले साधन म्हणून जॉयस्टिक सर्वांत सोयीची ठरते. मूठ पिळून रडर चालविण्याची सोय, शक्तीसाठी एक सरकती तरफ आणि दृष्टी फिरविण्यासाठी अंगठ्याजवळ चौफेर कळ या तीन गोष्टी असलेल्या एकाच जॉयस्टिकवर चारही हालचाली साधतात. लढाऊ विमाने, ग्लायडर व एअरबसची प्रवासी विमाने यांसाठी दांडीच योग्य होय. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए–३२० विमानात वैमानिकाच्या बाजूला लहान दांडी असते. ती स्प्रिंगने मध्यभागी येते व हवेचा दाब हाताला कळवीत नाही. त्यामुळे साधी स्प्रिंगची जॉयस्टिक या विमानाच्या दांडीशी बरीच जुळते. मात्र मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसून ही दांडी डाव्या हाताने धरतो. म्हणून त्याच्या जागेचा सराव करणाऱ्याने दोन्ही हातांना चालणारी, सममित घडणीची मूठ घ्यावी.

सेस्ना–१७२ सारखी शिक्षणाची विमाने व बोइंगची बहुतेक प्रवासी विमाने यांत योक, म्हणजे पुढे-मागे सरकणारे व फिरणारे अर्धे चाक असते. स्वस्त योक प्रत्येक बाजूस सु. ४५° फिरतात, तर काही चांगले योक सु. ९०° फिरतात. कमी फिरणाऱ्या योकवर तीच कलंडण लहान हालचालीने घडते आणि हाताला फार हलके वळण घेण्याची सवय लागते. योक निवडताना पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याचे घर्षण विशेष तपासावे. दांडा अडखळत सरकत असेल, तर धावपट्टीवर टेकण्याच्या क्षणी लागणारी सूक्ष्म हालचाल करता येत नाही.

स्प्रिंग आणि ट्रिम : घरगुती नियंत्रकांतील सर्वांत महत्त्वाचा दोष स्प्रिंगमुळे उद्भवतो. सेस्नासारख्या विमानात वेग वाढला म्हणजे नियंत्रक जड होतो व वेग घटला म्हणजे तो सैल पडतो. विमान अवपाताच्या, म्हणजे पंखांची उत्थापक प्रेरणा एकाएकी ढासळण्याच्या, जवळ आल्याची सूचना वैमानिकाला या सैलपणावरूनही मिळते. स्प्रिंगचा ताण मात्र सर्व वेगांना सारखाच राहतो. ट्रिमच्या बाबतीत हा फरक अधिक जाणवतो. खऱ्या विमानात योक इष्ट जागी धरून ठेवून हातावरील दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवितात. स्प्रिंगच्या योकवर दाब नाहीसा होण्याची जागा मध्यभागी कायमची ठरलेली असते. म्हणून ट्रिम फिरविताना योक हळूहळू मध्याकडे सोडावा लागतो. ही क्रिया खऱ्या क्रियेहून वेगळी असल्याने विमान शिकू इच्छिणाऱ्याने ती जाणीवपूर्वक निराळी ठेवावी. विद्युत् चलित्राने हातावर बदलता दाब देणारे नियंत्रक हा दोष बऱ्याच अंशी दूर करतात, परंतु ते महाग असतात. हेलिकॉप्टरच्या सरावासाठी मध्याकडे जोराने ओढणारी स्प्रिंग अडचणीची ठरते. तेथे स्प्रिंग सैल करता येणारा नियंत्रक निवडावा.

पायांचे नियंत्रक : एका पंख्याच्या विमानात पूर्ण शक्तीने चढताना विमानाचे नाक एका बाजूस वळू पाहते. पंखा वैमानिकाच्या दृष्टीने उजवीकडे फिरत असल्यास नाक डावीकडे वळते व ते सावरण्यासाठी उजवे पेडल दाबावे लागते. आडव्या वाऱ्यात उतरताना व जमिनीवर चालतानाही पायांचे काम मोठे असते. पिळाच्या मुठीने रडर हलतो, परंतु पायाला काहीच शिक्षण मिळत नाही. शिवाय मूठ पिळताना ती नकळत बाजूला झुकते. म्हणून लहान विमानांच्या सरावात जॉयस्टिकनंतरची खरेदी पेडलांची असावी. पेडलांच्या वरच्या भागावर पंजाने लावावयाचे स्वतंत्र ब्रेक असणे इष्ट होय. एअरबस किंवा बोइंगचे विमान मुख्यतः स्वयंचलित यंत्रणेवर चालविणाऱ्यास पेडलांची निकड त्या मानाने कमी असते. त्याला खाचा असलेल्या शक्तीच्या तरफा अधिक उपयोगी पडतात. एअरबसमध्ये या तरफा चढाईसाठी ठरलेल्या खाचेत ठेवतात व स्वयंचलित नियंत्रण चालू असताना त्या हलत नाहीत. बोइंगमध्ये त्या आपोआप पुढे-मागे सरकतात. साध्या घरगुती तरफा आपोआप सरकत नसल्यामुळे येथेही त्या एअरबसशी अधिक जुळतात.

संवेदक : नियंत्रकाची हालचाल मोजण्यासाठी स्वस्त उपकरणांत बदलता रोधक वापरतात. त्यातील पट्टीवर संपर्क घासला जाऊन ती कालांतराने झिजते, तिच्यावर धूळ साचते आणि वाचन थरथरू लागते. हॉल परिणामावर चालणाऱ्या संवेदकांत चुंबकाच्या सरकण्याने विद्युत् दाब बदलतो. त्यांत घासणारा संपर्क नसल्यामुळे ते दीर्घकाळ टिकतात. मोजणी किती पायऱ्यांत होते, हेही पाहावे. ९०° हालचालीचे २५६ भाग केल्यास एक पायरी सु. ०·३५° येते, १,०२४ भाग केल्यास ती सु. ०·०९° येते. मात्र यांत्रिक सांध्यांत ढिलाई असेल, तर अधिक पायऱ्यांचा लाभ होत नाही. जुने उपकरण घेताना ते संगणकाला जोडून तपासणीच्या चौकटीतील खूण पाहावी. हात न लावता ती हलत असेल किंवा मध्यभागी परतत नसेल, तर संवेदक अथवा स्प्रिंग झिजली आहे असे समजावे. मध्यभागी मृत पट्टा ठेवून ही थरथर लपविता येते, पण त्याबरोबर सूक्ष्म नियंत्रणही जाते.

दृश्य : मनुष्याचे आडवे दृष्टिक्षेत्र दोन्ही डोळे मिळून १८०° हून अधिक असते. २७ इंची पडदा सु. ६० सेंमी. रुंद असतो व तो डोळ्यांपासून ६० सेंमी. अंतरावर ठेवल्यास केवळ ५३° चा कोन व्यापतो. आज्ञावलीत दृष्टिक्षेत्राचा आकडा वाढवून अधिक प्रदेश दाखविता येतो. परंतु त्यामुळे धावपट्टी आहे त्यापेक्षा लहान व दूर भासते आणि उतरताना उंचीचा अंदाज चुकतो. विमानतळाभोवती फेरी घेऊन उतरताना धावपट्टी बाजूला व किंचित मागे असते आणि केव्हा वळावयाचे हे तिच्याकडे पाहूनच ठरवितात. एका पडद्यावर ती दिसतच नाही. यावर तीन उपाय आहेत. डोक्याची हालचाल टिपणारे साधन कॅमेऱ्याच्या व अवरक्त दिव्यांच्या साहाय्याने दृश्य फिरविते व कमी खर्चात पुष्कळ उपयोग देते. वळवून मांडलेले तीन पडदे सु. १६०° चे दृश्य देतात, पण त्यांना जागा व शक्तिमान संगणक लागतो. डोळ्यांवर बांधावयाच्या आभासी दर्शकात अंतर व उंची यांची जाणीव सर्वांत चांगली होते. मात्र त्यातून स्वतःचे हात, कळा व कागदावरील नकाशा दिसत नाहीत. काहींना मळमळही होते.

संगणक : विमानाची गती, हवामान व इतर विमाने यांचे गणित मुख्य प्रक्रियक करतो आणि चित्र रेखाटण्याचे काम चित्र-प्रक्रियक करतो. १,९२० × १,०८० बिंदूंच्या पडद्यावर सु. २०·७ लक्ष, तर ३,८४० × २,१६० बिंदूंच्या पडद्यावर सु. ८३ लक्ष बिंदू असतात. म्हणजे पडदा बदलताच चित्र-प्रक्रियकाचा भार चौपट होतो. सेकंदास ३० चित्रे मिळाल्यास साध्या पडद्यावर उड्डाण समाधानकारक होते. ९० चित्रांच्या आभासी दर्शकात मात्र प्रत्येक चित्र सु. ११ सहस्रांश सेकंदात तयार व्हावे लागते. मोठ्या विमानतळावर मुख्य प्रक्रियक मागे पडत असेल, तर महाग चित्र-प्रक्रियक घेऊनही चित्रांची संख्या वाढत नाही. त्यामुळे आधी कोणता भाग अपुरा पडतो हे मोजावे. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीसाठी १६ गिगाबाइट स्मृती, तर २०२४ च्या आवृत्तीसाठी ३२ गिगाबाइट स्मृती शिफारस केलेली आहे. आंतरजालाची जोडणी मंद असलेल्या ठिकाणी, सर्व भूप्रदेश संगणकातच साठवून ठेवता येणारी एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगिअर ही आज्ञावली अधिक सोयीची ठरते. खेळांच्या कन्सोलवर त्या कन्सोलसाठी मान्य केलेलेच नियंत्रक सामान्यतः चालतात, हे खरेदीपूर्वी पाहावे.

मांडणी : चांगले उपकरणही डळमळीत बसविल्यास निरुपयोगी होते. गुळगुळीत फरशीवर पेडल पुढे सरकते व चाकांची खुर्ची मागे जाते. पेडल व खुर्ची एकाच फळीला जखडल्यास हा दोष नाहीसा होतो. योक टेबलाच्या कडेला घट्ट आवळावा व त्याची उंची मांडीला न लागेल इतकी ठेवावी. अनेक उपकरणे एकाच साध्या जोडपेटीतून जोडली, तर विद्युत् पुरवठा अपुरा पडून त्यांपैकी एखादे मध्येच बंद पडते. स्वतंत्र पुरवठा असलेली जोडपेटी वापरावी.

मर्यादा : विमानकंपन्यांची पूर्ण सदृशीकरण यंत्रे सहा जलीय अथवा विद्युत् पायांवर उभी असून त्यांत शरीराला हालचाल जाणवते. घरच्या खुर्चीत ती जाणवत नाही. ढगात शिरल्यावर कानातील तोलेंद्रिय खोटी जाणीव देते व वैमानिकाने तिच्याकडे दुर्लक्ष करून उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो. या झगड्याचा अनुभव घरी येत नाही. याउलट उपकरणांवर दृष्टी फिरविण्याचा क्रम, तपासणी-याद्या, रेडिओ-दिक्‌चालन व आणीबाणीतील कृतींचा क्रम या गोष्टी घरी चांगल्या शिकता येतात. अमेरिकेत मान्यताप्राप्त साध्या साधनावरील १० व प्रगत साधनावरील २० तासांपर्यंतचा सराव उपकरण-उड्डाणाच्या पात्रतेसाठी धरला जातो, परंतु तो अधिकृत शिक्षकाच्या उपस्थितीत झालेला असावा लागतो. भारतातही परवान्यासाठी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या साधनांवरील तासच हिशेबात घेतले जातात. घरच्या सामग्रीवरील तास, ती कितीही महाग असली तरी, वैमानिकाच्या नोंदवहीत लिहिता येत नाहीत.

हे लक्षात घेता वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याने प्रारंभी साधी जॉयस्टिक घ्यावी. काही महिन्यांच्या सरावानंतर पेडले व आपल्या विमानाच्या प्रकाराप्रमाणे योक किंवा शक्तीच्या तरफा घ्याव्यात. दृश्यसाधनांचा व कळांच्या शोभिवंत फलकांचा विचार शेवटी करावा. प्रत्यक्ष शिक्षण सुरू झाल्यावर पहिल्या काही उड्डाणांनंतर शिक्षकाला आपल्या हातापायांच्या सवयींबद्दल विचारणे हितावह असते. ज्या उपकरणाने चुकीची सवय लावली असेल, ते त्यावेळी ओळखू येते.